दिवालीबाईचा गळा

१

दिवालीबाईचा आवाज ऑपरेशनच्या टेबलावर गेला, एवढ्यापुरतं सगळ्यांचं एकमत होतं. त्याच सकाळी खिडकीजवळच्या खाटेवरून तिने शेजारणीशी असं कडाकडा भांडण केलं होतं, की ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. दुपारी ती शुद्धीवर आली, तिने तोंड उघडलं, आणि गळ्यातून नुसता वारा बाहेर आला.

प्रश्न एवढाच होता, की सुरी कुणाच्या हातात होती.

धुळ्याच्या सेवासदन रुग्णालयात असा प्रश्न विचारायची वेळ कधी आली नव्हती. सर्जरी शिकायला इथे लांबलांबून मुलं येत, ती विभागप्रमुख डॉ. चुडामण वारके यांच्या नावावर. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून गलगंडाच्या बाया येत, गळ्याशी मोठमोठाल्या गाठी घेऊन, आणि मोकळ्या मानेने परत जात. त्या गाठीच्या मागून आवाजाची नस जाते. शिवणाच्या दोऱ्याएवढी असते ती. माणसाची हाक, शिवी, अंगाई, सगळं त्या एका दोऱ्यावर चालतं, ही देवाची करणी म्हणावी की कारागिरी कोण जाणे. गाठ काढताना तो दोरा दुखावला की संपलं. वारकेसरांच्या युनिटमध्ये तो आजवर एकदाही दुखावला नव्हता. मोठ्या शहरांतल्या सर्जनांना हे खरं वाटत नसे, म्हणून येत्या रविवारी जळगावच्या अधिवेशनात सर त्या बायांनाच व्यासपीठावर उभं करणार होते.

आणि ऐन तोंडावर हे झालं.

"मी त्या दिवशी थिएटरमध्ये नव्हतो," सरांनी विश्वस्तांना सांगितलं. "हिलाल पावराने मला न विचारता सुरी धरली."

हिलाल त्यांचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. शिरपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेल्या गावचा. त्या भागातून सर्जन व्हायला निघालेला पहिलाच पोरगा. सरांचं म्हणणं खरं ठरलं तर त्याची पदवी तर जाणारच होती, वर डॉक्टरकीही.

विश्वस्तांनी चौकशी डॉ. इंदुमती फालक यांच्याकडे दिली. बाई मूळच्या रावेरकडच्या, केळीवाल्यांच्या घरातल्या. शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि जळगावात राहणाऱ्या. जन्मभर मेलेल्यांच्या शरीरात डोकावल्यामुळे बाईंना जिवंत माणसांचा धाक उरलेला नाही, असं त्यांचे विद्यार्थी म्हणत. त्या विद्यार्थ्यांत वारकेही होते. पुण्याला डिसेक्शन हॉलमध्ये चुडामण नावाच्या त्या काडीसारख्या पोराने मानेतली ती नस पहिल्यांदा मोकळी केली, तेव्हा बाईंच्या अंगावर काटा आला होता. माणसाचा हात असा चालू शकतो? आजही ते आठवलं की काटा यायचा.

एस.टी.तून धुळ्याला येताना बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की तो हात चुकणार नाही, पोरगाच चुकला असणार. चौकशीआधीच निकाल लावून बसलो की काय, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांना बिलकूल आवडलं नाही.

२

थिएटरच्या रजिस्टरचा उपयोग नव्हता. युनिट सरांचं, म्हणून सर्जनच्या रकान्यात नाव सरांचंच, अशी तिथली रीत. कापणारा कुणीही असो. दिवालीबाईच्या नावापुढेही डॉ. वारके असंच लिहिलं होतं.

"ती नुसती रीत आहे, मॅडम," सर हसून म्हणाले. "त्यावर जाऊ नका."

मग बाईंनी एकेकाला बोलावलं.

"मी अवजारांच्या ट्रेकडे बघत होते," सिस्टर कमलबाई म्हणाल्या.

"मी नाडीकडे बघत होतो," भूल देणारे डॉक्टर म्हणाले.

लेक्चरर निंबा देवरे शेजारच्या थिएटरमध्ये हर्नियाचं ऑपरेशन करत होते. तिथल्या पाचजणांनी त्यांना पाहिलं होतं, त्यामुळे ते सुटले. मात्र जाता जाता तेही म्हणाले, "आमच्याकडे दार बंद असतं, मॅडम."

ऑपरेशनच्या खोलीत एवढी माणसं, आणि एकानेही ऑपरेशन पाहिलं नव्हतं! बाई थक्क झाल्या. कमलबाईंचा चेहरा मात्र खोटं बोलणाऱ्या माणसाचा नव्हता, घाबरलेल्या माणसाचा होता.

सरांनी बाईंना आपल्या खोलीत नेलं. चहा मागवला. पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून ते खिडकीशी उभे राहिले आणि बोलू लागले, आणि बाई सगळं विसरून ऐकत राहिल्या. नस कुठे वळते, कुठे फसवते, कोणत्या रक्तवाहिनीच्या आड लपते, हे ते असं सांगत होते, की बाईंना ती समोर दिसायला लागली. शिकवणारा असावा तर असा.

"माझी पद्धत साधी आहे," सर म्हणाले. "छेद नेहमी एकाच जागी. गळ्याच्या खाचेपासून दोन बोटं वर, आडवा, सरळ. प्रत्येक बाईला तसाच."

"आणि नंतर टाके कसे जुळलेत ते बघतोस?"

"मी बायांना गळा उघडा करायला लावत नाही, मॅडम. त्या लाजतात. राऊंडला मी फक्त म्हणतो, बोल माय, काय खाल्लं आज? आवाज ऐकला की मला सगळं कळतं."

किती सभ्य माणूस, बाईंच्या मनात आलं. त्यांनी आपला चहा संपवला. सरांचा कप तसाच राहिला होता आणि त्यावर साय धरली होती.

शेवटी हिलाल आला. उंच, हडकुळा, खाली मान घातलेला. बाईंनी काही विचारायच्या आतच तो म्हणाला,

"मॅडम, मीच केलं. हे लिहून आणलंय. तुमच्यासमोर सही करतो."

३

चौकशी तिथेच संपायची. सही झाली असती, बाई रात्रीच्या जेवणाला जळगावात पोहोचल्या असत्या. पण कबुली एवढ्या घाईने आली, की त्यात पाणी मुरतंय असं त्यांना वाटलं.

"छेद कुठे घेतलास?" त्यांनी विचारलं.

"खाचेपासून दोन बोटं वर. सरांनी शिकवलं तसा."

"सरांनी तुला सही करायला सांगितलंय?"

"मी इथे आलो तेव्हा माझ्या मराठीला सगळे हसायचे, मॅडम. सर हसले नाहीत. रोज संध्याकाळी समोर बसवून त्यांनी मला मान शिकवली. मला जे येतं ते त्यांचं आहे."

हे उत्तर नव्हतं. बाईंनी तो कागद पर्समध्ये टाकला आणि त्या वॉर्डात गेल्या.

दिवालीबाई भिंतीकडे तोंड करून निजली होती. बाईंनी खाटेवर बसून तिच्या गळ्यावरची पट्टी हलकेच सोडली. टाके चांगले होते, आडवे, सरळ, खाचेपासून बरोबर दोन बोटं वर. पुस्तकात काढतात तसे.

मग त्यांना गोंदण दिसलं. गळ्याच्या पायथ्याशी हिरव्या ठिपक्यांच्या ओळी होत्या, मधोमध एक मोठा ठिपका. छेद त्या मोठ्या ठिपक्यातून आरपार गेला होता. वरचा अर्धा एकीकडे, खालचा अर्धा जरा सरकून दुसरीकडे. बाईंचा हात नकळत आपल्या मनगटावर गेला. घड्याळाच्या रुंद पट्ट्याखाली त्यांचेही तीन ठिपके होते, रावेरच्या बाजारात आजीने गोंदवून घेतलेले. पुण्याच्या मैत्रिणींनी हसू नये म्हणून त्या पट्टा बांधायला लागल्या होत्या, आणि पुढे ती सवयच झाली.

टाक्यांच्या वर, ठिपक्यांच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत, जांभळ्या शाईची पुसट रेघ होती. जखमेला लावायचं औषध सांडलं असेल, असं बाईंना वाटलं.

दिवालीबाईने डोळे उघडले. बोट त्या रेघेवर ठेवलं, मग टाक्यांवर ठेवलं. ओठ हलले. बाईंनी कान तिच्या तोंडाशी नेला.

"आठे सांगं व्हतं," ती घशातल्या वाऱ्याने म्हणाली. "तठे काटं."

इथे सांगितलं होतं, तिथे कापलं. बाई खाटेवरच बसून राहिल्या.

४

दुसऱ्या दिवशी बाईंनी जीप मागवली आणि शिरपूरच्या पुढे डोंगराकडे निघाल्या. रविवारी व्यासपीठावर येणार होत्या त्या बायांतली सगळ्यात जुनी कस्तुरा. हिलालच्या पहिल्या वर्षातलं, देवरे नोकरीला लागायच्याही आधीचं तिचं ऑपरेशन. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती, आणि शेजारच्या टेकडीवरच्या बकऱ्यांना बसल्या जागेवरून हाका मारत होती. हाक टेकडीवर जाऊन परत येत होती.

बाईंनी गळा बघू का म्हणून विचारलं. कस्तुराने मण्यांच्या माळा बाजूला केल्या.

छेद दिसेना.

बाईंनी चष्मा पुसला. कस्तुराला उन्हाकडे वळवलं. मग एकदम दिसला. ठिपक्यांच्या दोन ओळींच्या मधून, दोन बोटांच्याही बराच वर, केसाएवढी एक पांढरी रेघ गेली होती. सरळ नव्हती ती. ओळ जिथे वळत होती तिथे वळत होती. एकही ठिपका कापलेला नव्हता. एकही हललेला नव्हता. जन्मभर बाईंनी माणसाची कातडी उघडणारे हात पाहिले होते, पण कातडीला असं विचारत विचारत जाणारा हात पाहिला नव्हता. त्यांच्या अंगावर काटा आला. पुण्यात आला होता तोच.

"हे इथून कापायचं कुणी ठरवलं, माय?"

"मीच," कस्तुरा म्हणाली. बाहेरच्यांशी ती अहिराणीत बोले. "गोंदण काटानं नही, मी सांगं. मरानंतर तेच संगे येस. चांदी आठेच ऱ्हास. गोंदण तुटं, तं मनी माय माले तठे कशी वळखी?" मेल्यावर गोंदणच सोबत जातं, ते तुटलं तर आई तिथे ओळखणार कशी, असं ती म्हणत होती.

"कुणाला सांगितलंस?"

"आमना हिलाल डॉक्टरले. आदल्या दिन आरसा धरा त्यानी, शाई लायी. 'माय, आठून काटू का?' म्हने. बठ्ठ्या बायास्ले इचारस तो." म्हणजे एकूण एक बाईला.

बाईंनी आणखी दोन गावं केली. एकीची रेघ वर, एकीची खाली, एकीची चक्क तिरकी. गोंदण जसं, तसा छेद.

परतताना जीपमध्ये त्यांनी डोळे मिटले. दिवालीबाईच्या गळ्यावरची शाईची रेघ हिलालची होती. म्हणजे सुरी आपणच धरणार असं आदल्या दिवशी त्याला वाटत होतं. त्याने धरली असती तर त्या रेघेवरच धरली असती. मग कबुली देताना 'दोन बोटं वर' का म्हणाला? कारण टाके तिथे होते, आणि ते त्याने घातलेले नव्हते.

पण हे कुणाला पटणार? विद्यार्थी आदल्या दिवशी खुणा करतात, कापतात सर, असं कुणीही म्हणेल. विचारणारा हात आणि कापणारा हात एकच होता, हे कसं दाखवायचं?

आणि मग त्यांना तो सायीचा कप आठवला. खिशातले हात आठवले. त्यांना रडूच आलं. ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि विचारलं, "खड्डा लागला का, मॅडम?"

५

रविवारी जळगावचं सभागृह सर्जनांनी गच्च भरलं होतं. व्यासपीठावर एका रांगेत बाया बसल्या होत्या, नव्या लुगड्यांत, गळ्यात माळा, वर पदर. सरांनी एकेकीला बोलायला लावलं. एकीने गावाचं नाव सांगितलं, एकीने पोरांची. आवाज खणखणीत होते. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळे उठून उभे राहिले. आकृती काढायला सरांनी देवरेंना फळ्याशी पाठवलं होतं. स्वतःचे हात त्यांनी कोटाच्या खिशातून काढले नव्हते.

"छेद नेहमी एकाच जागी," सर म्हणाले. "दोन बोटं वर."

तेवढ्यात, बाईंनी सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे, मागचं दार उघडलं. कमलबाईंच्या खांद्याचा आधार घेत दिवालीबाई आत आली, तिच्यामागे हिलाल. सरांचं बोलणं थांबलं.

पहिल्या रांगेतून इंदुमतीबाई उठल्या. "चुडामण, एक शंका आहे. कस्तुराचा छेद कुठे आहे?"

"आता सांगितलं ना, मॅडम. दोन बोटं वर."

"आणि तिच्या शेजारणीचा?"

"तसाच. सगळ्यांचा तसाच. माझे छेद मला माहीत नसतील?"

"तेच मी म्हणते," बाई म्हणाल्या. "सर्जनला आपला छेद माहीत असतो." मग त्या बायांकडे वळल्या. "अक्का, माळा जरा बाजूला करता का?"

बाया एकमेकींकडे बघून हसल्या. कस्तुराने पहिली माळ उचलली. मग दुसरीने, मग तिसरीने.

पुढच्या रांगेतले सर्जन व्यासपीठावर चढले. मागचे त्यांच्या खांद्यांवरून वाकले. कुणी चष्मे काढले, कुणी घातले. एका पांढऱ्या केसांच्या सर्जनने कस्तुराच्या गळ्याशी वाकून पाहिलं आणि तो तसाच वाकलेला राहिला. "एकही ठिपका नाही कापला," तो हळूच म्हणाला. "अरे, एकही नाही." ते शब्द सभागृहभर मागे मागे गेले. देवळात बोलतात तसं सगळे हळू बोलायला लागले होते.

दोन बोटं वर एकीचाही छेद नव्हता.

"फक्त दिवालीबाईचा आहे," बाई म्हणाल्या. "दोन बोटं वर, सरळ, गोंदणाच्या मधून. तो हात तुझा, चुडामण. या बाकीच्या तुझ्या नाहीत. तू त्यांच्या ऑपरेशनला खोलीत नव्हतास. असतास तर छेद पाहिले असतेस. राऊंडलाही तू नुसता आवाज ऐकलास. रजिस्टर खरं धरलं तर दिवालीबाई तुझी. रजिस्टर ही नुसती रीत असेल, तर यांच्यावर तरी तुझं नाव का? यांना विचारून कापणारा माणूस तो मागे उभा आहे, आणि तुझ्यासाठी तो आपली डॉक्टरकी सोडायला निघालाय."

"मॅडम, नको," हिलाल म्हणाला.

सरांनी खिशातून हात बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. दोन्ही हात थरथरत होते. बोटं टेबलावर वाजत होती आणि ती सगळ्यांना ऐकू येत होती.

"हिलाल आला त्या वर्षापासून," सर म्हणाले. "हे माझं ऐकत नाहीत. मी थिएटरात तोंड बांधून जायचो आणि शेजारच्या खोलीत बसायचो. आत थांबलो की सुरी घ्यावीशी वाटायची. कमलबाई, तुम्ही घाबरत होतात ते मला माहीत होतं. इथे जळगावात कुणी करून दाखवा म्हणालं तर? म्हणून त्या दिवशी हिलालला बाजूला केलं. एकदा बघू म्हटलं." त्यांनी दिवालीबाईकडे पाहिलं. "नस मला दिसत होती. मला ती अजूनही दिसते, मॅडम. हातच पोहोचला नाही."

इतकं सगळं जाणणारा माणूस आणि इतकं हलकं खोटं, एकाच कोटात! बाईंना राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्याआधी त्यांना पुण्याचा तो पोरगा दिसला.

सर पायऱ्या उतरून दिवालीबाईपुढे गेले. हात जोडले, ते जोडलेलेही थरथरत होते. "माय, चुकलं माझं."

दिवालीबाईने त्यांना खाली वाकायला खुणावलं. पण सभागृह एवढं शांत होतं, की तिचा वारा शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"माले इचारानं व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "मी सांगं असतं."

६

बाईंनी अहवालात कुणालाच सोडलं नाही. सरांनी सुरी आणि प्रमुखपद दोन्ही सोडावं, असं लिहिलं. थिएटरात ज्याचा हात त्याचंच नाव लिहावं, असं लिहिलं. हिलालबद्दलही लिहिलं, की या मुलाचा हात मी पाहिलेल्या हातांत सगळ्यात थोर आहे, पण गुरूसाठी तो रुग्णाच्या बाबतीत खोटं बोलला, म्हणून त्याची परीक्षा सहा महिने पुढे ढकलावी. हिलालने ते वाचलं आणि कबुलीचा कागद फाडायला त्यांच्याकडे परत मागितला. "मी कधीच फाडला," बाई म्हणाल्या. "आणि पुन्हा कुणासाठी असा लिहिलास तर कान उपटीन."

सर रोज संध्याकाळी वॉर्डाच्या व्हरांड्यात शिकवायला येत राहिले. आता हात टेबलावर उघडे असत. मुलं बोलणं ऐकत आणि हातांकडे बघत नसत.

थंडीत बाई शिरपूरला गेल्या, हिलालची परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. बाईंच्या मनगटावर आता घड्याळ नव्हतं, तीन ठिपके उघडे होते. दिवालीबाईची नस कापलेली नव्हती, नुसती चिरडली होती, ती कदाचित जागी होईल, असं सर म्हणाले होते. हिलाल त्यांना आठवडी बाजारात घेऊन गेला. मिरच्यांच्या ढिगाशी गर्दी जमली होती. मधे दिवालीबाई उभी होती, पदर खोचून, गळ्यावर मोडका ठिपका, आणि मिरचीवाल्याला मापावरून फैलावर घेत होती. आवाज घोगरा होता, मधेच फाटत होता, पण भांडण अख्ख्या बाजाराने ऐकलं.